चिवड्याखालचं नाव

आमच्या बिल्डिंगमध्ये एखाद्या वस्तूला 'फॅन्सी' म्हटलं की तिच्याबद्दल पुढे काही विचारायचं नसे. ती कशासाठी आहे, ती धड उभी राहते का, तिच्यात पाणी टिकतं का, असले प्रश्न विचारणारा माणूस गावंढळ ठरायचा. तळमजल्यावरच्या दुबईवाल्यांकडे काचेचा एक हंस होता. त्याच्या पाठीत खोलगट खड्डा होता आणि त्यात काय ठेवायचं, हे तो हंस दुबईहून आणणाऱ्या त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं. पण हंस फॅन्सी होता, म्हणून दिवाळीत आल्यागेल्यांना तो दाखवला जायचा आणि आलेगेले 'वा' म्हणायचे. वा म्हटल्याशिवाय तिथे चहा येत नसे.

हे ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतलं. रंगीत टीव्ही नुकते घरोघरी शिरत होते आणि त्यांच्यामागोमाग सगळी फौज शिरत होती. टीव्हीवर घालायचा क्रोशाचा रुमाल, रुमालावर ठेवायची फुलदाणी, फुलदाणीत खोचायची प्लास्टिकची फुलं आणि त्या फुलांवरची धूळ झटकायला वेगळा ब्रश. पूर्वी दिवाळीला शेजारी फराळाचं ताट जायचं. आता ताटाबरोबर काहीतरी शोभेचंही जाऊ लागलं होतं. शोभेचं म्हणजे जे वापरता येत नाही आणि टाकूनही देता येत नाही ते.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि एक गॅलरी, जिच्यात आमच्यापेक्षा नॅशनल पार्कातली माकडंच जास्त वेळ बसायची. घरात आई, बाबा आणि मी. गिरणी बंद पडल्यावर बाबा साकीनाक्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागले होते आणि मी अंधेरीच्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. आमच्या खोलीतही सनमायका लावलेलं एक शोकेस होतं. त्यात काचेच्या पेटीतली नऊवारी बाहुली, मालवणहून आणलेलं शिंपल्यांचं गलबत आणि नारिंगी फुलांचा लेमन सेट. लेमन सेट माझ्या लहानपणापासून तिथे होता. त्यातून सरबत प्यायलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

वापरायची भांडी वेगळी, स्टीलची आणि पितळेची. त्या काळी भांडं घेतलं की दुकानदार विचारायचाच, "नाव काय टाकायचं?" त्याच्याजवळ घर्र घर्र करणारं एक मशीन असायचं. त्याने तो ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरायचा, आणि भेट असेल तर देणाऱ्याचं नावही कोरायचा. त्यामुळे आमच्या पिण्याच्या पाण्याच्या कळशीवर मी कधीही न पाहिलेले आजोबा होते, ताटांवर बाबा होते, पोह्यांच्या डब्यावर मी होते आणि एका घमेल्यावर गिरणीची अख्खी सोसायटी होती. आई रोज सकाळी आम्हा सगळ्यांना घासूनपुसून पालथं घालायची. पण भांड्यावरचं नाव कुणी वाचत नाही. भांडं हरवलं, तरच वाचतात.

आता माझ्या लग्नाकडे येते, कारण त्या सगळ्या फॅन्सी प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

मला बघायला बरेच जण येऊन गेले होते. कुणाला माझा चष्मा पटला नाही, कुणाला माझी उंची आणि कुणाला गिरणीवाले बाबा. शेवटच्या स्थळाची आत्या आमच्या पत्र्याच्या घडीच्या खुर्चीवर बसली होती आणि उठली तेव्हा तिच्या मोतिया साडीला मागे गंजाचा पट्टा उमटला होता. आठ दिवसांनी नकार आला. आईचं ठाम मत होतं की तो नकार मला नव्हता, खुर्चीला होता. तिने ती खुर्ची भंगारवाल्याला दिली. देताना तिला दोन शिव्याही दिल्या.

मग मुलुंडचं स्थळ आलं. मुलगा औषधाच्या कंपनीत होता. पहिली भेट घाटकोपरला मामाकडे झाली, मुलगा आणि त्याचे वडील एवढेच आले होते. आम्हा दोघांना 'जरा बोला' म्हणून गॅलरीत सोडण्यात आलं. वर दोरीवर मामाचे पायजमे वाळत होते. त्याने घसा खाकरून विचारलं, "तुम्हाला छंद कसला?" या प्रश्नाला वाचन आणि भरतकाम असं उत्तर द्यायचं असतं, आणि ते मी तोवर इतक्यांदा दिलं होतं की मला त्याची शिसारी आली होती. मी म्हटलं, "रविवारी काहीही न करणं." तो इतक्या मोठ्याने हसला की आतून मामी बघायला आली. मला तो आवडला. सरळ सांगते, फार आवडला. घरी येईपर्यंत मी बसमध्ये एकटीच हसत होते.

पण त्याच्या आईने मला अजून पाहिलं नव्हतं, आणि तिला मुलीइतकंच मुलीचं घरही बघायचं होतं. मामाकडून निरोप आला की भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिघं जण सहज फराळाला येतील.

"सहज!" आई म्हणाली. "सहज म्हणजे काय ते मला नको शिकवू. सहज म्हणजे पडदे उचलून मागे काय आहे ते बघणार."

तिने एका मासिकाचा दिवाळी अंक मिळवला. त्यात सणासुदीला घर कसं सजवावं यावर चार पानं होती. 'दिवाणखान्याच्या एका मोकळ्या कोपऱ्यात मंद प्रकाशाचा दिवा ठेवावा,' असं त्यात लिहिलं होतं. आमच्या घरात कोपरे चारच होते. एकात गाद्यांची वळकटी, दुसऱ्यात शिवणयंत्र, तिसऱ्यात पाण्याचं पिंप आणि चौथ्यात बाबा. मोकळा करण्यासारखा कोपरा बाबांचाच होता.

"तुम्ही जरा खिडकीपाशी सरका," आई म्हणाली आणि दुबईवाल्यांकडून दिवा आला. तो त्या वर्षीचा बिल्डिंगमधला सगळ्यात फॅन्सी दिवा होता. काळ्या डबीतून पांढऱ्या केसांचा झुपका निघालेला आणि बटण दाबलं की प्रत्येक केसाच्या टोकाला एक ठिपका पेटायचा, आधी हिरवा, मग जांभळा, मग लाल. खोलीत प्लगची जागा एकच होती. दिवा लावला की टीव्ही बंद.

बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"ह्यो दिवो काय गो?" ते म्हणाले. "ह्येच्या उजेडात पेपर तरी वाचूक येतलो?"

"पेपर वाचायला नाहीये तो."

"मगे?"

"शोभेचा आहे. आणि पाहुण्यांसमोर असलं काही विचारू नका, तुम्हाला हात जोडते."

चहाचा सेट समोरच्यांकडून आला, सोफ्याचं कव्हर दिवाणाला ठोकठाकून बसवलं गेलं. उरल्या डिश. आमच्या ताटल्यांना पोचे आले होते आणि पत्र्याच्या खुर्चीचा अनुभव ताजा होता. मग आई दुसऱ्या मजल्यावर गेली. तिथे एक गुजराती कुटुंब राहायचं. त्या घरच्या बाईंना मी मासी म्हणायचे. मासीकडे स्टीलच्या सहा फॅन्सी डिश होत्या, पानाच्या आकाराच्या. टोकाला देठ, कडेला नागमोडी नक्षी. बिल्डिंगमध्ये तसल्या डिश आणखी कुणाकडे नव्हत्या.

"अरे, लेऊन जा नी," मासी म्हणाली. "विचारते काय? तुझी छोकरी ती माझी छोकरी."

डिश कागदात गुंडाळलेल्या आल्या. आईने त्या सोडवल्या नाहीत, कारण फॅन्सी वस्तू ऐन वेळी सोडवायची असते. त्या दिवशी पाहुणे यायच्या जरा आधी मी कागद काढला आणि फडक्याने पहिली डिश पुसायला घेतली. कडेला नक्षी होती, त्यामुळे नाव कोरणाऱ्याला जागा मधोमधच मिळाली होती. चांगलं ठळक कोरलं होतं. वर मासीचं नाव आणि खाली 'भाई तरफथी भेट'. तेही गुजरातीत, शिरोरेषा नसलेल्या त्या गोलमटोल अक्षरांत. मी दुसरी पालटली, तिसरी पालटली. सहाच्या सहा डिश मासीला तिच्या भावाने दिल्या होत्या आणि त्याने एकाही डिशवर ते सांगायचं सोडलं नव्हतं.

मी आईला हाक मारली. आईने डिश डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, मग कपाळाला हात लावला.

"वाट लागली," ती म्हणाली.

आमचं घर कोकणातलं. मासीकडे खेळता खेळता मी थोडं वाचायला शिकले होते, ते सोडलं तर सात पिढ्यांत कुणाला गुजराती अक्षर आलं नव्हतं. त्या डिश आमच्या नाहीत हे कळायला वाचताही यायला नको होतं. एकदा नजर टाकली की पुरे.

"आमच्या ताटांका काय झालां?" बाबांनी खिडकीतून विचारलं.

"तुम्ही गप्प बसा."

"गप्पच आसंय. पण इले गो, इले!" खाली रिक्षा थांबली होती आणि त्यातून तिघं जण उतरत होती.

लढाईत सेनापतीची परीक्षा होते म्हणतात, तशी माझ्या आईची तेव्हा झाली. तिने चिवड्याचा डबा ओढला आणि मुठीमुठीने डिशमध्ये ओतायला सुरुवात केली. नाव बुडालं. त्यावर लाडू, लाडवाला टेकून करंजी, बाजूला चकली. "तळ दिसू द्यायचा नाही," ती कुजबुजली. "मी आग्रह करत राहते. तू त्यांच्या डिशवर नजर ठेव. अक्षर दिसलं की खोक."

"खोकू?"

"हळूच. मला ऐकू येईल एवढं."

पाहुणे आले. दिवाणावर ठोकलेल्या कव्हरवर बसले. मुलगा माझ्याकडे बघून अगदी थोडंसं हसला. त्याची आई ठेंगणी, ताठ, केसांत एकही चुकार बट नाही. तिची नजर खोलीभर फिरली, दिव्यावर थांबली, दिव्यावरून टीव्हीच्या लोंबत्या वायरवर गेली आणि परत आली. त्याचे वडील मात्र त्या दिव्याने पार भारले गेले. जांभळा झाला की ते "अरे" म्हणायचे आणि लाल झाला की "वा". आईने एकदा बाबांकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

मी डिश दिल्या. वडिलांनी लाडू उचलला आणि पुढे काही खाण्याचं ते विसरूनच गेले, दिव्याने त्यांना वेळच दिला नाही. तो मोर्चा सुरक्षित होता. धोका दोन ठिकाणी होता. मुलगा भुकेला होता. आणि त्याची आई पद्धतशीर होती. तिने लाडू संपवला, करंजी संपवली आणि मग कडेपासून आत असा चिवडा खायला सुरुवात केली. कुठे सांडणं नाही, उरवणं नाही. चमचा फिरला की तेवढी जागा लख्ख.

एका कडेला एक गोल वेलांटी उघडी पडली. मी खोकले.

"घ्या ना, तुम्ही काहीच घेत नाही!" आई डबा घेऊन धावली आणि दोन मुठी चिवडा पडला.

"अहो, पुरे. खूप झालं."

"दिवाळीचं नाही म्हणू नये."

तिने मान डोलावली आणि परत कडेपासून सुरुवात केली. आग्रह करणं ही आमच्याकडची जुनी रीत. पाहुण्याने नको म्हणायचं, आपण वाढायचं, त्याने हात आडवा धरायचा, आपण हाताच्या फटीतून वाढायचं. पण आईने त्या दिवशी जो आग्रह केला त्याला रीत म्हणता येणार नाही. ती भिंत बांधत होती. पाहुणी ती खात होती आणि आई परत बांधत होती. तिसऱ्यांदा मी खोकले तेव्हा मुलाच्या आईने चमचा खाली ठेवला.

"हिला खोकला आहे का?" तिने विचारलं.

"नाही, नाही," आई म्हणाली.

"कोरडा वाटतो. बरेच दिवस आहे का?" आणि मुलाकडे वळून, "तुमच्या कंपनीचं काहीतरी असतं ना रे? पण असल्या खोकल्याचा आधी फोटो काढून घ्यावा. छातीचा."

खोकावं तर मी क्षयाची पेशंट ठरत होते. न खोकावं तर आम्ही उसन्या थाटाचे ठरत होतो. आयुष्यात पहिल्यांदा एक माणूस मनापासून आवडला होता आणि तो मिळणं न मिळणं चमचाभर पोह्यांवर येऊन ठेपलं होतं. मला रडू यायच्या बेतात होतं आणि त्याहून जास्त राग आला होता. दिव्याचा, मासिकाचा, आईचा, त्या मासीच्या हौशी भावाचा. एवढं ठळक कोरायची काय गरज होती?

तेवढ्यात मी मुलाच्या डिशकडे पाहिलं. त्याने चिवडा जवळजवळ संपवला होता. मासीचं अख्खं नाव त्याच्यासमोर चकचकत होतं आणि तो ते वाचत होता. मी खोकले नाही, खोकायला आता जागाच नव्हती. त्याने मान वर केली, आईच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. त्याने शांतपणे चकली उचलली आणि बरोबर नावावर ठेवली.

मग त्या माणसाने ती चकली शेवटपर्यंत खाल्ली नाही.

त्याच क्षणी माझं लग्न झालं असं मी मानते. पुढे अक्षता वगैरे पडल्या, ते आपलं लोकांसाठी.

पण त्याच्या आईची डिश अजून शिल्लक होती. आई चौथ्यांदा डबा घेऊन वाकली तेव्हा तिने पूर्ण पंजा डिशवर आडवा धरला. "आता खरंच नको," ती म्हणाली, आणि त्या आवाजापुढे आईचाही हात थांबला. पंजा बाजूला झाला. डिश रिकामी होती, पुसल्यासारखी स्वच्छ. तिने खाली पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही, मी डोळे मिटले होते. मी डोळे उघडले तेव्हा ती म्हणत होती, "चिवडा छान झालाय. अजिबात तेलकट नाही." आणि तिने डिश टेबलावर पालथी ठेवली.

वाचलो, असं आईला वाटलं. ते सुख फार तर जिन्यापर्यंत टिकलं.

आम्ही पाहुण्यांना सोडायला बाहेर आलो तर जिन्याच्या वळणावर मासी उभी. बांधणीची साडी नेसून, मुलाला बघायला खास खाली आलेली. आपल्या डिशनी आज काय कामगिरी केली हे तिलाही जाणून घ्यायचं होतं. "नास्तो बराबर झाला ने?" तिने विचारलं. आम्ही कुणी तिची ओळख करून द्यायच्या आत मुलाच्या आईने हात जोडले आणि मासीला तिच्या नावाने हाक मारून म्हणाली, "फार छान झाला, बेन. तुमच्या भावालाही सांगा."

मुलुंडला तिच्या शेजारी सगळे गुजरातीच होते, हे मला नंतर कळलं. तिला ती लिपी पेपरसारखी वाचता यायची.

मासी हरखून गेली. "मला ओळखते!" ती आईला म्हणाली. "क्यांथी ओळखते?" आईने कठडा धरला होता.

पुढचे दिवस वाईट गेले. दिवा परत गेला, कव्हर उतरलं, डिश घासूनपुसून मासीकडे पोचल्या. आईला नकाराची इतकी खात्री होती की तिने मामाला विचारायचंही नाही असं ठरवलं. "उसनवारीचं घर म्हणाली असेल," ती भांडी घासताना स्वतःशी म्हणायची. बाबा एकदा म्हणाले, "वाचल्यान तर वाचल्यान. चोरून नाय आणलंव आपण." त्यावर तिने त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते आपल्या जुन्या कोपऱ्यात जाऊन बसले, जो आता परत त्यांचा झाला होता. मी ऑफिसात टाइप करताना ओळीच्या ओळी चुकत होते. मला दुसरं कुठलंही स्थळ नको होतं आणि हे मी कुणाला सांगूही शकत नव्हते.

तुळशीचं लग्न झालं आणि मामाचा निरोप आला. मुलगी पसंत आहे. देण्याघेण्याचं काही नाही. फक्त मुलीच्या खोकल्याकडे लक्ष द्या.

लग्न झालं. सासूबाई जशा वाटल्या होत्या तशाच निघाल्या, ताठ आणि पद्धतशीर. त्यांच्या घरात लेमन सेट नव्हता, पण लेमन सेटला लाजवेल अशी शिस्त होती. त्या दिवाळीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. नवऱ्याने मात्र महिनाभर मला छळलं. मी साधी शिंकले तरी तो चकली शोधायला उठायचा. एकदा भाजी निवडता निवडता सासूबाईंनी विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय गं?" आमच्या लग्नपत्रिकेवर 'श्री. व सौ.' आणि पुढे बाबांचं नाव होतं. मी आईचं नाव सांगितलं. सांगताना मलाच ते जरा परकं वाटलं. बाबा तिला 'अगो' म्हणायचे, बिल्डिंग तिला तीन नंबरवाल्या वहिनी म्हणायची आणि मी आई म्हणायचे. त्या नावाने हाक मारणारं माणूस मला एकही आठवेना.

पहिला दिवाळसण आला. जावयाला आणि व्याह्यांना माहेरी बोलवायचं, जावयाचा मान करायचा. या वेळी दुबईवाल्यांनी न मागताच दिवा आणून लावला, कारण माझ्या सासऱ्यांची त्याच्यावरची भक्ती एव्हाना साऱ्या बिल्डिंगला माहीत झाली होती. आईने मासीकडे डिश मागितल्या नाहीत. तिने आमच्याच पोचे आलेल्या ताटल्या काढल्या होत्या आणि तिचा चेहरा फाशीच्या शिक्षेला निघाल्यासारखा होता.

चहा झाल्यावर सासूबाईंनी पिशवीतून एक खोका काढला आणि आईच्या हातात दिला. दिवाळसणाला व्याह्यांकडून आपण काही घ्यायचं नसतं, त्यामुळे आई गोंधळली. तिने खोका उघडला. आत स्टीलच्या सहा डिश होत्या, पानाच्या आकाराच्या, देठासकट. आणि प्रत्येकीच्या मधोमध आईचं नाव होतं. फक्त नाव. त्यामागे बाबा नाहीत, आडनाव नाही, कुणाकडून भेट तेही नाही.

"आता वाढताना हात जरा आखडता घेतलात तरी चालेल," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठाची एक कड हलली.

नवऱ्याला ठसका लागला. सासरे दिव्याकडे बघत होते. आई हसली, आभार मानले, कुंकू लावलं, सगळं रीतीप्रमाणे केलं. पाहुणे गेले आणि दार लागलं तशी ती भडकली.

"टोमणा मारला गं तुझ्या सासूने! वर्षभर पोटात ठेवला होता आणि आज काढला. सहा-सहा टोमणे! पुसताही येत नाहीत!"

"आई, भेट आहे ती."

"मला नको शिकवू. काय समजते ती स्वतःला? माझ्याकडे काय भांडी नाहीत?" असं म्हणत तिने आमच्या ताटल्यांचा ढीग पुढ्यात ओढला, तोंडी लावायला पुरावा म्हणून. आणि ती एकेक ताटली उलटसुलट करत राहिली. बाबा, बाबा, बाबा. मग डबा घेतला, त्यावर मी. कळशीवर आजोबा. घमेल्यावर गिरणी. घमेलं तिच्या हातातच राहिलं. जन्मभर ती सगळी नावं तिने घासली होती, आणि त्यांत तिचं कुठेच नव्हतं.

टोमणा की भेट, हे मी सासूबाईंना कधी विचारलं नाही. त्या जशा होत्या, त्यावरून दोन्ही असणार.

आई मात्र बरेच दिवस टोमणाच म्हणत राहिली. पुढच्या खेपेला मी माहेरी गेले तर शोकेसमधली बाहुली आणि शिंपल्यांचं गलबत खालच्या खणात गेलेलं, लेमन सेट मागे सरकलेला आणि पुढे सहा डिश एकीला एक टेकवून उभ्या केलेल्या, नाव काचेकडे करून. "जागा नव्हती दुसरी," आई म्हणाली. बाबा पेपराआडून म्हणाले, "रोज पुसता त्येंका. माका येक दिवस चाय देऊक इसारली, पण त्येंका पुसूक नाय इसारली."

त्याच मुक्कामात मासी आली. तिच्या धाकटीला बघायला घाटकोपरहून माणसं यायची होती, दहा-बारा तरी. तिच्या सहा डिश पुरणार नव्हत्या. "तुझ्या आपशे ना, बेन?" तिने विचारलं. मला वाटलं, आई काहीतरी सबब सांगेल. आईने शोकेस उघडलं. एकेक डिश काढली, पदराने पुसली, मधलं नाव जरा जास्तच पुसलं आणि सगळ्या मासीच्या हातात ठेवल्या.

मासी दारापर्यंत पोचली होती तेव्हा आईने तिला परत हाक मारली.

"आणि हे बघ बेन, चिवडा जरा बेताने वाढ."

"केम? कमी नाय पडणार. डबा भरून केलाय मी."

"तसं नाही गं," आई म्हणाली. "पाहुण्यांना तळ दिसू दे."